प्रस्तावना : ऑप्शनमागून येणारा मजकूर

ऑक्टोबर २०१९ मध्ये सुडो या प्रोग्रॅममधली एक त्रुटी जाहीर झाली. लिनक्सवर काम करणाऱ्याला सुडोची ओळख करून द्यावी लागत नाही. साध्या वापरकर्त्याला ठरावीक कामापुरते दुसऱ्या कोणाचे, बहुतेक वेळा रूटचे, अधिकार देणारा हा प्रोग्रॅम. कोणाच्या नावाने कमांड चालवायची ते त्याच्या ‘-यू’ या ऑप्शनला सांगायचे. नावाऐवजी ‘#’ लावून वापरकर्त्याचा क्रमांक दिला तरी चालते. काही सर्व्हरवर असा नियम लिहिलेला असतो, की अमुक माणसाला रूट सोडून इतर कोणाच्याही नावाने काम करू द्यावे. अशा सर्व्हरवर त्या माणसाने क्रमांकाच्या जागी ‘-१’ टाइप केले, की कमांड चक्क रूट म्हणून चालत असे. ४२९४९६७२९५ टाइप केले तरी तेच.

यात कुठला बफर ओलांडला गेला नव्हता की कुठला पॉइंटर भरकटला नव्हता. सुडोने आकडा नीट वाचला, तो रूटचा शून्य क्रमांक नाही हे पाहिले आणि मग ‘सेटरेसयूआयडी’ या सिस्टिम कॉलच्या हवाली केला. त्या कॉलच्या लेखी वजा एकचा अर्थ ‘आहे तो क्रमांक तसाच राहू दे’ असा आहे. सुडो स्वतः रूट म्हणूनच चालत असतो; क्रमांक तसाच राहिला, म्हणजे रूटच राहिला. बत्तीस बिटांत वजा एक आणि ४२९४९६७२९५ यांची बिटे एकसारखी असतात, म्हणून दुसरा आकडाही चालून जात होता. १.८.२८ या आवृत्तीत ही वाट बंद झाली. सुडोचा कोड जगातल्या सर्वांत काळजीने तपासल्या जाणाऱ्या सी प्रोग्रॅमांपैकी आहे, आणि तरीही एका ऑप्शनमागून आलेल्या दोन अक्षरांनी त्याच्या मूळ उद्देशालाच बगल दिली.

या पुस्तकाचा विषय तोच आहे : सी प्रोग्रॅमला कमांड लाइनवरून ऑप्शन मिळतो, त्या ऑप्शनमागून एक आर्ग्युमेंट येते, ते सुरक्षितपणे कसे घ्यायचे. वरवर पाहता विषय लहान आहे, दहा-वीस ओळींत संपणारा. मला मात्र तो सी शिकण्यातला अगदी मध्यवर्ती विषय वाटतो. मेमरी, पॉइंटर, आकड्यांच्या मर्यादा, ऑपरेटिंग सिस्टिमशी होणारा व्यवहार, हे सगळे इथे एका जागी येते. शिवाय प्रोग्रॅमने बाहेरच्या जगाकडून घेतलेली ही पहिलीच गोष्ट असते. तिथे सैल सुटलेले पुढे कोणत्याही फंक्शनमध्ये नीट आवरता येत नाही.

आपल्याकडे सी शिकवताना हा भाग सहसा शेवटी येतो. कित्येक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे टर्बो सी वापरले गेले. तिथे प्रोग्रॅम एडिटरमधूनच चालवायचा, स्क्रीनवर ‘संख्या द्या’ असे छापायचे आणि स्कॅनएफने ती संख्या घ्यायची, अशी रीत. आर्गसी आणि आर्गव्ही ही दोन नावे परीक्षेपुरती पाठ होतात. पुढे नोकरी लागल्यावर जे प्रोग्रॅम लिहावे लागतात, ते क्रॉनमधून रात्री दोन वाजता चालतात, शेल स्क्रिप्टमधून चालतात, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातून चालतात. तिथे प्रश्नांची उत्तरे द्यायला कीबोर्डसमोर कोणी बसलेले नसते. जे सांगायचे ते ऑप्शनमधूनच सांगावे लागते. ज्या गोष्टीला वर्गात एक तास मिळाला, तिच्यावर कामाच्या ठिकाणी सगळा डोलारा उभा राहतो.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा, कारण तो चांगल्या चांगल्या प्रोग्रॅमरांच्या मनात घर करून असतो. ‘माझा प्रोग्रॅम जो चालवेल तोच ऑप्शन टाइप करेल, त्याने वेडेवाकडे काही दिले तर नुकसान त्याचेच होईल.’ सेटयूआयडी प्रोग्रॅमच्या बाबतीत हे सरळसरळ खोटे आहे : तिथे टाइप करणारा एक आणि अधिकार दुसऱ्याचे. बाकी प्रोग्रॅमांच्या बाबतीतही ते फार काळ खरे राहत नाही. आज तुम्ही स्वतःसाठी लिहिलेले साधन उद्या एखादा सहकारी स्क्रिप्टमध्ये घालतो, परवा ती स्क्रिप्ट वेबवरच्या एखाद्या फॉर्ममागे जाऊन बसते, आणि मग त्या फॉर्मच्या रकान्यात कोणीतरी अनोळखी माणसाने भरलेला मजकूर तुमच्या ‘-एन’सारख्या ऑप्शनमागून येऊ लागतो. तुमच्या कोडमध्ये या काळात एक अक्षरही बदललेले नसते.

सुरुवात आर्गव्हीपासूनच करू. मेन या फंक्शनला आर्गसी ही मोजणी आणि आर्गव्ही ही स्ट्रिंगांच्या पॉइंटरांची रांग मिळते. रांगेतला शून्यावा पॉइंटर प्रोग्रॅमच्या नावाचा आणि खरी आर्ग्युमेंट एकपासून पुढे, असे आपण शिकलेलो असतो. सीचे प्रमाण मात्र एवढेच सांगते, की आर्गसी ऋण नसेल आणि रांगेच्या शेवटी नल पॉइंटर असेल. आर्गसी शून्य असायला प्रमाणाची हरकत नाही. शेलमधून असे कधी घडत नाही. पण ‘एक्झेकव्हीई’ हा कॉल थेट करणारा माणूस पूर्ण रिकामी रांग देऊ शकत होता.

पीकेएक्झेक नावाचा, बहुतेक लिनक्स वितरणांबरोबर येणारा सेटयूआयडी प्रोग्रॅम याच जागी फसला. त्यातली लूप एकपासून सुरू होऊन आर्गसीपर्यंत जायची. आर्गसी शून्य असला की लूप एकदाही फिरत नसे, पण मोजणीचा व्हेरिएबल एकवरच राही आणि पुढचा कोड आर्गव्हीतली एक क्रमांकाची जागा वाचायला जाई. त्या जागी काय असते? लिनक्समध्ये नवा प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल स्टॅकवर आधी आर्गव्हीचे पॉइंटर मांडतो, मग एक नल, आणि त्याला लागूनच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांचे पॉइंटर. रांग रिकामी असेल तर शून्याव्या जागी नल येतो आणि एक क्रमांकाच्या जागी पहिला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. पीकेएक्झेक त्यालाच चालवायच्या प्रोग्रॅमचे नाव समजे, पाथमध्ये ते शोधे, आणि सापडलेला पूर्ण पत्ता त्याच जागी परत लिहून ठेवे. म्हणजे आपल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आपणच लिहिणे. सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू होताना काही धोकादायक व्हेरिएबल लोडर मुद्दाम काढून टाकतो. हल्लेखोराला त्यांतला एक या वाटेने परत आत आणता येत होता, आणि त्याच्या जोरावर स्वतःची लायब्ररी रूटच्या अधिकाराने चालवता येत होती. ही चूक मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून होती. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ती २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केली. लिनक्स ५.१८ पासून कर्नलच अशा वेळी रांगेत एक रिकामी स्ट्रिंग घालून देतो. ओपनबीएसडीवर अशी रिकामी रांग आधीपासूनच नाकारली जात होती.

बारा वर्षांहून अधिक काळ लाखो यंत्रांवर राहिलेली ही चूक, आणि तिच्यावरचा उपाय मेनच्या पहिल्या ओळीत आर्गसी एकपेक्षा कमी नाही ना एवढे पाहणे. मी हे उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगितले. ‘असे कोण करेल’ या प्रश्नाला सुरक्षिततेच्या कामात काही किंमत नाही हे त्यातून स्वच्छ दिसते.

ऑप्शन वेगळे काढण्याचे काम हाताने करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी गेटऑप्ट आहे. एटी अँड टीने त्याचा कोड १९८५ साली टेक्सासमधल्या डॅलसच्या युनिफोरम परिषदेत सर्वांसाठी खुला केला, आणि तेव्हापासून युनिक्सच्या जगात ऑप्शन लिहिण्याची एक समान शिस्त रुजली. पॉझिक्सने ती नियमांत बांधली. ग्नूने पुढे लांब नावांच्या ऑप्शनसाठी गेटऑप्ट-लाँग दिले. एकेक अक्षर तपासणारी स्वतःची लूप लिहिणे शिकण्यासाठी चांगले आहे. खऱ्या प्रोग्रॅममध्ये ती लूप डबल डॅश विसरते, जोडून लिहिलेले ऑप्शन विसरते, शेवटच्या ऑप्शनमागे काहीच नसले तर रांगेबाहेर जाते.

गेटऑप्ट वापरले म्हणून डोळे मिटता येत नाहीत, हेही तितकेच खरे. त्याने परत दिलेले मूल्य कॅर प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवणारा कोड आजही सर्रास दिसतो. ऑप्शन संपले की गेटऑप्ट वजा एक देते, म्हणून ते मूल्य इंट प्रकारातच ठेवायला हवे. इंटेलच्या यंत्रावर कॅर चिन्हासहित असल्यामुळे चूक झाकली जाते. तोच प्रोग्रॅम रास्पबेरी पायवर नेला, की तिथे कॅर बिनचिन्हाचा, वजा एकचे २५५ होतात, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही.

दुसरी अडचण रोजच्या कामातली आहे. ‘-एन’ला आर्ग्युमेंट लागते असे तुम्ही गेटऑप्टला सांगितले, आणि कमांड लाइनवर ‘-एन -व्ही’ आले, तर गेटऑप्ट ‘-व्ही’ हेच ‘-एन’चे आर्ग्युमेंट म्हणून देते. त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. वजा चिन्हाने सुरू होणारे आर्ग्युमेंट असू शकते. माणूस असे टाइप करत नाही, स्क्रिप्ट करते. स्क्रिप्टमध्ये ‘-एन’नंतर एक शेल व्हेरिएबल लिहिलेला असतो, अवतरणचिन्हांशिवाय. एखाद्या रात्री तो व्हेरिएबल रिकामा राहतो, शेल त्याची जागाच पुसून टाकते आणि पुढचा ऑप्शन सरकून आकड्याच्या जागी येतो. आता तुमचा प्रोग्रॅम ‘-व्ही’ या स्ट्रिंगचा आकडा करायला घेणार. तो तिला ‘हा आकडा नाही’ असे म्हणेल, की गुपचूप शून्य धरून पुढे जाईल?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून पुस्तकाचा मोठा भाग आकड्यांना दिला आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकांत इथे एटॉय हे फंक्शन असते. ‘-व्ही’ दिले तर ते शून्य देते. ‘०’ दिले तरीही शून्य. ‘१२अबक’ दिले तर बारा. आणि इंटमध्ये न मावणारा आकडा दिला तर काय होईल, याबद्दल सीचे प्रमाण कोणतीच हमी देत नाही. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर ग्नूच्या लायब्ररीत ४२९४९६७२९७ दिले तर हाती एक पडतो. चूक झाली हे कळवण्याची सोयच ज्या फंक्शनमध्ये नाही, ते बाहेरून आलेल्या मजकुरावर वापरू नये. यात मला अपवाद माहीत नाही.

त्याऐवजी स्ट्रटोल. पण स्ट्रटोल वापरणे म्हणजे एक ओळ बदलणे नव्हे, आणि अर्धवट वापरलेला स्ट्रटोल खोटा धीर देतो, म्हणून ते कसे वापरायचे ते इथेच जवळून पाहू. आधी एर्नो शून्य करायचा, कारण स्ट्रटोल यशस्वी झाल्यावर तो स्वतः पुसत नाही आणि आधीच्या कुठल्या कॉलची जुनी खूण त्यात पडलेली असू शकते. मग स्ट्रटोलला स्ट्रिंग, एक शेवट-पॉइंटर आणि पाया द्यायचा. पाया दहाच द्यावा. शून्य दिला तर ‘०१०’ हा अष्टमान समजून त्याचे आठ होतात, आणि शून्याने सुरू होणारा क्रमांक लिहायची सवय असलेल्या माणसाला ते कधी उमगणार नाही. परत आल्यावर शेवट-पॉइंटर जिथून निघाला तिथेच असेल, तर एकही अंक सापडलेला नाही. रिकामी स्ट्रिंगही इथेच पकडली जाते. पॉइंटर पुढे गेला, पण स्ट्रिंगच्या शेवटाला पोहोचला नाही, तर आकड्यामागे कचरा आहे. एर्नोमध्ये ईरेंज असेल तर आकडा लाँगमध्ये मावला नाही. हे सगळे पार पडल्यावर राहिलेली तपासणी सर्वांत मोलाची : हा आकडा माझ्या कामाच्या मर्यादेत आहे का? ओळींची संख्या असेल तर एक ते दहा हजार, पोर्ट असेल तर एक ते ६५५३५, जे काही असेल ते. ही मर्यादा लाँगमध्येच तपासायची आणि त्यानंतरच इंटमध्ये उतरवायची. आधी उतरवून मग तपासले, तर वरचा ४२९४९६७२९७ एक होऊन तपासणीतून सुखरूप सुटतो.

ऋण आकडा नको म्हणून कोणी स्ट्रटोल सोडून स्ट्रटउल घेतात. तिथे फसगत होते. स्ट्रटउलला ‘-१’ दिले तर ते तक्रार करत नाही. एर्नोही बदलत नाही. बिनचिन्हाच्या लाँगमधला सर्वांत मोठा आकडा मात्र शांतपणे परत देते. तो आकडा पुढे चार बाइटच्या घटकांची संख्या म्हणून मॅलॉकसाठी गुणला गेला, की गुणाकार ओसंडतो. इतका मोठा आकडाही लागत नाही : बत्तीस बिटांच्या यंत्रावर १०७३७४१८२५ घटकांसाठी चार बाइटची जागा मिळते आणि लूप मात्र सगळे घटक लिहायला निघते. ओपनबीएसडीच्या लोकांनी ही सगळी दगदग ओळखून २००४ मध्ये, ३.६ या आवृत्तीत, स्ट्रटोनम हे फंक्शन आणले. त्याला स्ट्रिंगबरोबर किमान आणि कमाल मर्यादा द्यावीच लागते, आणि आकडा चुकीचा, फार लहान की फार मोठा ते शब्दांत परत मिळते. जिथे ते उपलब्ध नाही तिथे स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी तसे एक छोटे फंक्शन लिहावे. मर्यादा सांगितल्याशिवाय ज्याला बोलावताच येत नाही, अशा फंक्शनची सवय लागली की सुडोसारखा प्रश्न आपोआप समोर येतो : माझ्या या आकड्याची किमान मर्यादा काय?

मजकुराच्या आर्ग्युमेंटबद्दल थोडे कमी सांगून चालेल, कारण त्यातले धोके बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात. दोनशे छप्पन्न बाइटचा बफर घेऊन त्यात स्ट्रसीपीवायने आर्ग्युमेंट उतरवणे ही जुनी चूक. लिनक्सवर एकच आर्ग्युमेंट जवळपास १३१०७२ बाइटपर्यंत लांब असू शकते हे लक्षात घेतले, की त्या बफरची पत कळते. खरे म्हणजे बहुतेक वेळा कॉपी करायची गरजच नसते. ऑप्टआर्ग हा पॉइंटर आर्गव्हीतल्या मूळ स्ट्रिंगकडेच बोट दाखवत असतो, आणि ती स्ट्रिंग प्रोग्रॅम संपेपर्यंत जिवंत असते. पॉइंटर ठेवून घ्या, काम भागते. जोडून नवी स्ट्रिंग बनवायचीच असेल तर एसएनप्रिंटएफ वापरा आणि त्याने परत दिलेली लांबी बफरच्या आकारापेक्षा कमी आहे ना ते पाहा. कमी नसेल तर तुटलेला मजकूर वापरू नका, थांबा. आर्ग्युमेंट थेट प्रिंटएफचा पहिला घटक म्हणून तर कधीच देऊ नका. २०१२ मध्ये सुडोच्या १.८ मालिकेतच डीबगचा संदेश छापताना प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव, म्हणजे आर्गव्हीतली शून्यावी स्ट्रिंग, फॉरमॅटमध्ये मिसळल्याचे आढळले होते. वेगळ्या नावाची सिमलिंक केली की ते नाव हवे ते ठेवता येते.

एक गोष्ट मात्र मराठी वाचकासाठी खास सांगायला हवी, कारण परदेशी पुस्तकांत ती सहसा येत नाही. आपल्या फाइलींची नावे, लोकांची नावे, गावांची नावे आता देवनागरीत असतात आणि ती आर्ग्युमेंट म्हणूनही येतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘नमस्कार’मध्ये हलंत आणि काना धरून सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. ‘दहा अक्षरांचे नाव’ म्हणून अकरा बाइटचा बफर घेणाऱ्याचे गणित तिथेच चुकते, आणि एसएनप्रिंटएफने सुरक्षितपणे तोडले तरी अक्षर मधोमध तुटून अर्धवट बाइट उरू शकतात. दुसरे असे, की देवनागरीच्या चिन्हांचा पहिला बाइट १२७ पेक्षा मोठा असतो. चिन्हासहित कॅरमध्ये तो ऋण दिसतो. तो तसाच इझडिजिट किंवा इझअल्फाला दिला तर काय होईल याची हमी नाही. आधी त्याला बिनचिन्हाच्या कॅरमध्ये बदलणे सक्तीचे समजावे. आणि स्ट्रटोलला ‘२५’ हे देवनागरी अंक कळत नाहीत. तो तिथे एकही अंक नाही असे म्हणेल. शेवट-पॉइंटर तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा वापरकर्ता ‘आकडा ओळखता आला नाही’ असा संदेश वाचून पुन्हा टाइप करेल. एटॉय वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा वापरकर्ता शून्य घेऊन पुढे जाईल. मराठी माणसांसाठी साधने लिहिणाऱ्याला हा फरक रोज जाणवणारा आहे.

आता शेवटचा मोठा भाग : घेतलेले आर्ग्युमेंट पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमला देणे. सिस्टिम या फंक्शनला स्ट्रिंग जोडून देऊ नये, मधली शेल त्यातली अर्धविरामासारखी चिन्हे कमांड म्हणून वाचते, हे आता बरेच जण पाळतात आणि एक्झेकव्ही वापरतात. ते योग्यच. पण शेल नसली तरी एक धोका शिल्लक राहतो, आणि तो फार जुना आहे. १९९४ मध्ये एआयएक्स आणि लिनक्सवर आरलॉगिनने वापरकर्त्याचे नाव म्हणून ‘-एफरूट’ दिले, की पासवर्ड न विचारता रूट म्हणून प्रवेश मिळत असे. आरलॉगिनचा सर्व्हर ते नाव लॉगिन या प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट म्हणून देई, आणि लॉगिनमध्ये ‘-एफ’ या ऑप्शनचा अर्थ ‘याची ओळख आधीच पटलेली आहे’ असा होता. नाव म्हणून आलेला मजकूर पुढच्या प्रोग्रॅमने ऑप्शन म्हणून वाचला. तेरा वर्षांनी, २००७ मध्ये, सोलारिस १० च्या टेलनेट सर्व्हरमध्ये हीच चूक याच रूपात पुन्हा आली. ऑगस्ट २०१७ मध्ये गिटमध्ये आढळले, की रिपॉझिटरीच्या पत्त्यातले होस्टनाव वजा चिन्हाने सुरू केले तर एसएसएच त्याला आपला ऑप्शन समजतो, आणि त्या ऑप्शनमधून हवी ती कमांड चालवता येते. मर्क्युरियल आणि सबव्हर्जन या दुसऱ्या दोन साधनांतही तेच निघाले. गिटने शेवटी वजा चिन्हाने सुरू होणारे होस्टनावच नाकारायला सुरुवात केली.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. पुढच्या प्रोग्रॅमला बाहेरचा मजकूर देण्याआधी डबल डॅश द्यावा. पॉझिक्सच्या नियमाप्रमाणे त्यानंतरचे काही ऑप्शन म्हणून वाचले जात नाही. आणि जे नाव वजा चिन्हाने सुरू होण्याचे काहीच कारण नाही, ते तसे सुरू झाले तर घेऊ नये. पहिला उपाय एकटा पुरत नाही, कारण समोरचा प्रोग्रॅम तो नियम पाळेलच याची खात्री नसते.

पासवर्डसाठी ऑप्शन ठेवू नये. एवढे वाक्य खरे तर पुरेसे आहे. लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची पूर्ण कमांड लाइन पीएस लावून कोणालाही वाचता येते, जोवर व्यवस्थापकाने ते मुद्दाम बंद केलेले नसते. शिवाय ती शेलच्या इतिहासात उरते. मायएसक्यूएलचे क्लायंट सुरू होताच कमांड लाइनवरचा पासवर्ड पुसून टाकतात, तरी मधला क्षण उरतोच, हे त्यांच्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे. पासवर्ड फाइलमधून, स्टँडर्ड इनपुटवरून किंवा टर्मिनलवर विचारून घ्यावा.

पुस्तकाची मांडणी एका तत्त्वावर आहे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे, माल तिथे एकदा तपासला जाई आणि आत आल्यावर दुकानादुकानांत पुन्हा कोणी पेटी उघडायला लावत नसे. आर्ग्युमेंटचे तसे व्हावे. ऑप्शन वाचणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये प्रत्येक आर्ग्युमेंटचे योग्य प्रकारात रूपांतर करायचे, मर्यादा तपासायच्या आणि सगळे एका स्ट्रक्टमध्ये भरायचे. त्यानंतरच्या कोडला कच्ची स्ट्रिंग दिसूच नये. हे न केल्याने काय होते त्याचा धडा जानेवारी २०२१ मध्ये, पुन्हा सुडोनेच, दिला. आर्ग्युमेंटमधल्या विशेष चिन्हांआधी बॅकस्लॅश घालणारा कोड एका फाइलमध्ये होता आणि ते बॅकस्लॅश काढणारा दुसऱ्या फाइलमध्ये. सुडोएडिट या नावाने ‘-एस’ ऑप्शन दिला की घालणारा कोड चालत नसे, काढणारा मात्र चाले. आर्ग्युमेंटच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश असला तर काढणारा कोड स्ट्रिंगचा शेवट ओलांडून पुढचे बाइट उतरवत राही, आणि हीपवरचा बफर ओसंडे. जुलै २०११ पासून ही चूक तिथे होती. दोन्ही भागांचा एकमेकांवर भरवसा होता, आणि तो भरवसा कुठेच लिहिलेला वा तपासलेला नव्हता.

नाकारणे हेही कौशल्य आहे आणि त्यावर एक प्रकरण आहे. कोणत्या ऑप्शनचे कोणते आर्ग्युमेंट का नाकारले, काय अपेक्षित होते, हे स्टँडर्ड एररवर एका ओळीत सांगावे आणि शून्याखेरीज दुसरा निकाल देऊन बाहेर पडावे, म्हणजे क्रॉनला आणि स्क्रिप्टलाही ते कळते. अंदाजाने दुरुस्त करून पुढे जाणारा प्रोग्रॅम मला दयाळू वाटत नाही. वापरकर्त्याने न सांगितलेले काम तो त्याच्या नावावर करतो.

तपासणीच्या प्रकरणाची प्रेरणा विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बार्टन मिलर यांच्या कामातून आली आहे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी युनिक्सच्या रोजच्या वापरातल्या प्रोग्रॅमांना निव्वळ यादृच्छिक अक्षरे दिली, आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदवले, की तपासलेल्या प्रत्येक युनिक्सवर पंचवीस ते तेहतीस टक्के प्रोग्रॅम कोसळले किंवा अडकून बसले. तिथली अक्षरे इनपुटमधून जात होती; पण आर्ग्युमेंटलाही तीच कसोटी लावता येते. आज जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांत ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर फुकट मिळतात. ते चालू न करता सी प्रोग्रॅमची चाचणी करणे मला पटत नाही.

वाचकाला सी येते, पॉइंटर आणि स्ट्रिंग यांची ओळख आहे, आणि हाताशी लिनक्स किंवा तत्सम यंत्र आहे, एवढे मी गृहीत धरले आहे. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. घाईत असणाऱ्याने आकड्यांचे प्रकरण आधी घ्यावे. मात्र पहिल्या प्रकरणाला हात लावण्यापूर्वी एक काम करावे. तुम्ही स्वतः लिहिलेला आणि आजही वापरात असलेला एखादा प्रोग्रॅम निवडा. आकडा घेणाऱ्या त्याच्या ऑप्शनला रिकामी स्ट्रिंग, ‘-१’, ‘१२अबक’, ‘४२९४९६७२९७’ आणि देवनागरी ‘२५’ एकेक करून द्या, आणि प्रत्येक वेळी तो काय म्हणाला ते कागदावर लिहून ठेवा. पुस्तक संपल्यावर त्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करा आणि तीच पाच आर्ग्युमेंट पुन्हा द्या.